जावईबापूंचं ताट

माझ्या स्वयंपाकघरातलं पितळी ताट टेबलावर कधीच नीट बसत नाही, हे तुम्हा दोघांना माहीत आहे. अनन्या, तू मागच्या खेपेला त्यात बेदाणे घालून ते भिंगरीसारखं फिरवत होतीस. आणि निहार, तू विचारलंस, "आजी, तुझा चमचासुद्धा जागचा हलत नाही, मग हे वाकडं भांडं तू मोडीत का घालत नाहीस?" तेव्हा तुमची विमानतळावर जायची वेळ झाली होती. आता सांगते, आणि पहिल्यापासून सांगते, कारण मधूनच सुरू केलेली गोष्ट मला आवडत नाही. ही सौम्य करून सांगता येण्यासारखी नाही. तुम्ही आता मोठे झाला आहात, आणि ते ताट कधीतरी तुमच्याकडेच येणार आहे.

मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. वडील उमरेडच्या पुढे मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवत. नातलगांनी नाकं मुरडली, आईने जेवण सोडलं, तरी त्यांनीच मला नागपूरच्या नर्सिंग हॉस्टेलात आणून सोडलं होतं. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, शाळा सुटली आणि माझ्या मेसचा खर्च घरून येणं बंद झालं. मला काम शोधणं भाग होतं, पण खरी अडचण वेळेची होती. आमची ड्यूटी दर आठवड्याला बदलायची. कधी सकाळची, कधी दुपारची, कधी मधली दुपार मोकळी सोडून दोन तुकड्यांची. पुढच्या आठवड्यात काय वाढून ठेवलंय, ते शनिवारी फळ्यावर लागल्यावरच कळायचं. नंदनवन वस्तीत एक शिकवणी जवळपास ठरली होती. पण मुलाची आई म्हणाली, "आज सकाळी येतो, उद्या दुपारी येतो, असं लेकराले शिकवतेत का वं? ते काय पावसाचं पाणी हाय?" सीताबर्डीवरच्या साडीच्या दुकानदाराने माझं सगळं ऐकून घेतलं आणि नोकराला सांगितलं, "मॅडमले चहा दे, अन् जाऊ दे." त्यात हॉस्टेलचा नियम होता, की शिकणाऱ्या मुलीने बाहेर काम करायचं नाही. सापडली, की तिची पेटी त्याच आठवड्यात फाटकाबाहेर. हा नियम मेट्रनबाईंनी कुणासाठी वाकवलेला आम्ही पाहिला नव्हता.

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या गल्लीत चंद्रभागाकाकूंची सावजी खानावळ होती. सावजी म्हणजे आमच्या नागपूरच्या विणकरांचं जेवण. काळा मसाला, जवसाचं तेल, आणि रश्श्यावर बोटभर तरंगणारी लाल तर्री. काकूंचे यजमान विणकर होते. ते गेल्यावर माग विकून काकूंनी त्याच घरात चूल मांडली. मी त्या गल्लीत शिकवणी विचारत फिरत होते आणि काकू उंबऱ्यावर लसूण सोलत बसल्या होत्या.

"काहून फिरून राहिली वं दारोदार?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. बदलत्या ड्यूटीचंही सांगून टाकलं, कारण ते लपवून काही उपयोग होत नाही हे मला एव्हाना कळलं होतं.

"त्यात काय मोठं? मसाला काय घड्याळ पाहून वाटतेत का? रिकामी झाली का ये. नाही झाली त नको येऊ. पण आली का हात चालव, तोंड नको."

मला हवं होतं तसं काम शेवटी हेच निघालं.

त्या घराचा आवाज आजही माझ्या कानात आहे. सकाळी दारात बोकड पडायचा. मग लाकडी ठोकळ्यावर सत्तूर सुरू व्हायचा, ठक, ठक, आणि मध्येच हाड फुटल्याचा वेगळा, ओला आवाज. दुसरीकडे खलबत्त्यात सुकं खोबरं, दगडफूल, लवंग, मिरं कुटलं जायचं. तव्यावर मिरच्या भाजल्या की अख्खी गल्ली खोकायची आणि काकूंना शिव्या घालायची, आणि काकू त्या शिव्या व्याजासकट परत करायच्या. मी पाट्यावर बसून वाटण वाटायचे. हात असे पेटायचे की वॉर्डात थर्मामीटर धरताना बोटं थरथरत. हॉस्टेलवर परतताना मी लिंबू चोळून हात धुवायचे, तरी आमच्या ट्यूटर एकदा माझ्याजवळ थांबून नाक वर करून म्हणाल्या, "हॉस्टेलच्या मेसचं जेवण अचानक सुधारलं वाटतं."

काकू मारायच्या. हे मी तुमच्यासाठी मऊ करणार नाही. भांडं फुटलं तर पोरीच्या पाठीत, कोळसा ओला निघाला तर कोळसेवाल्याच्या. एकदा एका दारुड्याने पंगतीत बसून विमलच्या पदराला हात घातला. विमल म्हणजे काकूंची एकुलती एक मुलगी, माझ्याहून थोडी मोठी. काकू मुसळ घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी त्या माणसाचं मनगट मोडलं. हाड मोडल्याचा आवाज सत्तुरापेक्षा बारीक असतो. तो ओरडत पळाला, काकूंनी मुसळ भिंतीला टेकवलं आणि पंगतीला विचारलं, "कोणाले रस्सा पायजे?" सगळ्यांनी वाट्या पुढे केल्या.

अशी ही बाई एका माणसापुढे मात्र मान खाली घालायची. तो विमलचा नवरा, मनोहर. त्याला घरात नावाने कुणी हाक मारत नसे. तो जावईबापू. तो आला की काकू डोक्यावर पदर घ्यायच्या, विमल त्याच्या पायावर पाणी घालायची, आणि मागाचा खड्डा जिथे फळ्यांनी झाकला होता तिथे आतल्या खोलीत पाट मांडला जायचा. पितळेचं एक मोठं ताट फक्त त्याचं होतं. त्याला दर दिवाळीला कल्हई व्हायची. दुसऱ्या कुणी त्यात जेवलेलं मी पाहिलं नाही. पंगत खोळंबली तरी चालेल, पण पहिला भात, पहिला नळीचा तुकडा आणि सगळ्यात लाल तर्री त्या ताटात. "घ्या जी, घ्या जी," काकू म्हणत राहायच्या. आणि तो विमलला मारायचा. पट्ट्याने, चपलेने, एकदा चुलीतल्या लाकडाने. विमल माहेरीच राहून खानावळीत राबत होती आणि तो मन मानेल तेव्हा यायचा. मी तिच्या पाठीला हळद लावताना काकूंना विचारलं, "त्या दारुड्याचं मनगट मोडलंत, मग याचं का नाही?"

"जावई हाय तो," काकू म्हणाल्या, जणू मी काहीतरी अश्लील विचारलं होतं. "जावयावर हात उचलला का पोरीचं घर जळते. तुमच्या विंग्रजी पुस्तकात नाही लिवलं हे?"

मनोहरला एकच गोष्ट हवी होती. खानावळ आणि घर त्याच्या नावावर. काकूंनी मनातून हार मानली होती. नाही म्हणत होती ती विमल.

तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा, करीचा दिवस होता. विदर्भात त्या दिवशी घरोघरी मटण शिजतं आणि ज्यांच्या घरी शिजत नाही ते सावजीकडे येतात. माझी ड्यूटी दोन तुकड्यांची होती, त्यामुळे दुपारी मी मोकळी होते. युनिफॉर्म पिशवीत घालून, जुनं लुगडं नेसून मी पाट्यावर बसले होते. बाहेर गल्लीतल्या लोकांनी मारबत काढली होती. मारबत म्हणजे कागदाकामट्यांची बाई. सगळी रोगराई तिच्याबरोबर पाठवायची, मिरवत न्यायची आणि जाळायची. ढोल, पत्र्याचे डबे आणि "घेऊन जा गे मारबत!" असा गलका भिंतीला थडकत होता. मनोहर आत पाटावर बसला. विमल तर्रीचं पातेलं घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवून वाढायला वाकली.

"सही केली का तुह्या मायनं?" त्याने विचारलं.

"आई करत होती. मीच नको म्हटलं."

तो उठला. घाई केली नाही. खांद्यावरच्या दुपट्ट्याने पातेल्याचे दोन्ही कान धरले, ते वर उचललं आणि वाकलेल्या विमलच्या मानेवर उपडं केलं.

ती किंचाळली, पण बाहेरच्या ढोलांत ती किंचाळी कुणाला ऐकू गेली नाही. तापलेलं तेल मानेवरून खांद्यावर, डाव्या हातावर, छातीवर उतरत गेलं आणि त्यातली मिरची मागोमाग कातडीत शिरली. चरचर झाली. मी आयुष्यभर जळलेली माणसं पाहिली, त्यांच्या मलमपट्ट्या केल्या, पण ती चरचर मला त्या सगळ्यांच्या मागून ऐकू येते. काकू ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन धावल्या आणि त्यांनी मूठमूठ पीठ त्या ओल्या लाल मांसावर थापायला सुरुवात केली. मी त्यांना खांद्याने ढकललं, विमलच्या बगलेत हात घातले आणि तिला फरफटत अंगणातल्या टाक्याकडे नेलं.

"पाणी नको!" काकू ओरडल्या. "पाणी नको घालू, रांडे, फोड येतीन! माही पोरगी मारून राहिली तू!"

त्यांनी मागून माझा अंबाडा धरला आणि डोकं टाक्याच्या काठावर आपटलं. माझी भुवई फुटली. मी वळून त्यांच्या तोंडात मारली, पूर्ण हाताने, आणि त्या खाली बसल्या. मग मी गडव्याने पाणी ओतत राहिले. विमल नखांनी माझे हात ओरबाडत होती. तिचं लुगडं खांद्याला चिकटलं होतं, तिथे मी बोट लावलं नाही. फक्त पाणी. (मुलांनो, हेच लक्षात ठेवा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, पीठ नाही. वाहतं साधं पाणी, आणि बराच वेळ.) माझ्या डोळ्यात भुवईचं रक्त उतरत होतं, म्हणून आतलं मला एका डोळ्यानेच दिसलं. पण दिसलं. मनोहर परत पाटावर बसला होता. आणि काकू उठून, गालावर माझी पाच बोटं घेऊन, पीठभरल्या हातांनी त्याच्या ताटात भात वाढत होत्या. जावई उपाशी उठला असता ना.

सायकलरिक्षा आली. मी विमलला ओल्या चादरीत गुंडाळलं. मनोहर दारात आडवा उभा राहिला, हात धुतलेले, तोंडात सुपारी.

"दवाखान्यात काय सांगाचं ते ध्यानात हाय नं? पाय घसरला. विमले, तू काय म्हणशीन?"

"पाय घसरला," विमल दातांतून म्हणाली.

"अन् तू सिस्टर, तू त कुठंच नव्हती. बोलली त मी सरळ तुह्या मेट्रनले जाऊन भेटतो. मंग तुह्या लकव्याच्या बापाले जाऊन सांग, का पोरगी सावजीकडे मसाला वाटत होती."

माझं सगळं त्याला ठाऊक होतं. काकूंनीच कौतुकाने सांगितलं असणार.

आमच्याच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत मी मसाल्याचा वास मारणाऱ्या लुगड्यात, फुटक्या भुवईने शिरले. टेबलाशी बसलेल्या सिस्टर आमच्या हॉस्टेलवरच राहत. त्यांनी आधी विमलला पाहिलं, मग मला, आणि ट्रॉली ओढली. पोलीस शिपाई जबाब घ्यायला आला. विमलने सांगितलं, पाय घसरला. तो ते लिहू लागला. मनोहर दुसऱ्या रिक्षाने येऊन भिंतीला टेकून उभा होता. विमलने चादरीचं टोक दातांत धरलं होतं आणि तिचा चांगला हात माझ्या मनगटावर होता. मी पुढच्या खाटांच्या रांगेकडे पाहिलं. त्या आठवड्यात माझी ड्यूटी तिथेच होती. संध्याकाळी मला तिथे उभं राहायचं होतं. त्या दोन वर्षांखेरीज माझ्याजवळ काहीही नव्हतं.

"पाय घसरलेल्या माणसाच्या मानेवरून तेल खाली येत नाही," मी म्हटलं. "तिचे पाय कोरडे आहेत, बघा. तिच्या नवऱ्याने पातेलं उचलून तिच्यावर ओतलं. मी समोर बसले होते."

"विचारा जी तिले," मनोहर भिंतीवरूनच म्हणाला, "ते तिथं कायले बसली होती."

"मी तिथे कामाला आहे."

सिस्टरचं पेन थांबलं. शिपायाने विमलकडे पाहिलं. विमल डोळे मिटून पुन्हा म्हणाली, "पाय घसरला." शिपायाने माझाही जबाब लिहून घेतला, मी खाली सही केली, पण जिच्या अंगावर ओतलं तीच नाही म्हणत होती. मनोहरला पोलिसांनी संध्याकाळी सोडून दिलं.

मेट्रनबाईंनी मला उभंच ठेवलं. त्या मोठ्याने कधी बोलत नसत. "पेटी बांधून ठेव. सोमवारी निर्णय देते, आणि तुझ्या वडिलांना कळवते." मी पेटी बांधली. वडिलांना ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. ते पत्र आई त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आणि शेवटी म्हणणार, मी सांगत होते. ते उत्तर देऊ शकणार नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

सोमवारी मी मेट्रनबाईंच्या टेबलासमोर उभी असताना बाहेर धक्काबुक्की ऐकू आली आणि दार ढकलून काकू आत आल्या. मला वाटलं, जावयाची बाजू घेऊन आल्या. त्यांनी पदराखालून पितळी ताट काढलं आणि टेबलावरच्या काचेवर ठेवलं. ते डुगडुगलं. एका बाजूने काठ आत दबला होता, मध्यभागी फुगवटा आला होता आणि दबलेल्या जागी काळपट वाळलेलं काहीतरी होतं.

"बाई, मी चंद्रभागा. ही पोट्टी माह्या घरी मसाला वाटते. तिनं खरं सांगितलं. पाणीबी तिनंच घातलं. मी पीठ लावत होती. डाक्टर म्हणे, पाणी नसतं त हात कापा लागला असता."

"आणि हे काय?" मेट्रनबाईंनी पेनच्या टोकाने ताटाला स्पर्श केला.

"काल जावई आला. आला अन् पाटावर बसला. मी वाढलं."

"तुम्ही त्याला वाढलंत?"

"वाढलं. पोरगी जळली त्या दिवशीबी वाढलं, कालबी वाढलं. आमच्यात तसंच हाय." काकूंनी ताटाकडे पाहिलं. "त्यानं रश्श्यात बोट बुडवलं, चाटलं, अन् म्हणे, मामी, आज तर्री कमी हाय."

"मंग?" मेट्रनबाईंनी विचारलं. त्यांच्या तोंडून मी तो शब्द पहिल्यांदा आणि शेवटचा ऐकला.

"मंग हे." काकूंनी दबलेल्या काठावर बोट ठेवलं.

पुढचं मला नंतर गल्लीतून कळलं. काकूंनी भरलं ताटच उचललं आणि काठ त्याच्या तोंडावर मारला. गाल ओठापर्यंत फाटला. तो उठायच्या आत डोक्यात, मग पुन्हा डोक्यात. मग त्यांनी मुसळ घेतलं. त्याचे पुढचे दात मागाच्या फळ्यांवर पडले, नाक मोडलं, आणि काकूंनी त्याला भातरश्श्याने माखलेला तसाच तलावाच्या कोपऱ्यापर्यंत झोडत नेला. पंगत उठून उभी राहिली होती. मध्ये कुणी पडलं नाही. तिथून काकू सरळ वॉर्डात गेल्या, खाटेशी उभ्या राहिल्या आणि विमलला म्हणाल्या, "मारला मी त्याले. आता तुले कोणाचं घर राखाचं हाय?" विमलने शिपायाला बोलवायला सांगितलं.

मेट्रनबाईंनी मला विचारलं, "पाणी किती वेळ ओतलंस?"

"रिक्षा येईपर्यंत."

"चिकटलेलं लुगडं ओढलंस?"

"नाही."

त्यांनी ताट काचेवरून उचलून काकूंच्या हातात दिलं आणि काच रुमालाने पुसली. "नियम मोडला आहेस. दुसरं वर्ष पुन्हा करशील. वडिलांना काय लिहायचं ते तूच लिही. पेटी सोड." मी दाराशी पोहोचल्यावर त्या म्हणाल्या, "ड्रेसिंगच्या खोलीत गॉज कापायला माणूस कमी आहे. पगारी काम आहे."

"केव्हा यायचं?"

"रिकामी असशील तेव्हा."

मनोहरला तुरुंग झाला, माझ्या मते पुरेसा नाही. विमलचा डावा हात कधीच पूर्ण सरळ झाला नाही आणि मान एका बाजूला ओढलेली राहिली. तिने त्याच हाताने खानावळ चालवली. तुमच्या आईच्या सुटकेसमध्ये दरवर्षी जो काळा मसाला जातो, तो तिच्या घरचा. माझी बॅच माझ्यापुढे निघून गेली. ज्या मुली माझ्या शेजारी झोपत त्या मला वॉर्डात हुकूम देऊ लागल्या. त्याचं वाईट वाटलं, आणि ते बराच काळ वाटत राहिलं.

त्या सोमवारी हॉस्टेलच्या फाटकाशी काकूंनी मला ताट दिलं. माझ्या भुवईवरच्या टाक्यांकडे त्यांनी पाहिलं, आणि मी त्यांच्या गालाकडे. "ठोकून सरळ नको करजो," त्या म्हणाल्या. "तुह्या पोरीचा नवरा पयल्यांदा जेवाले येईन, तवा याच्यातच वाढजो. अन् हे काहून दबलं, ते त्याले सांगजो."

तुमचे बाबा पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा मी पाट मांडला आणि त्यांच्यापुढे हे ताट ठेवलं. ते डुगडुगलं, थोडा रस्सा सांडला. तुमची आई माझ्याकडे डोळे वटारून बघत होती, कारण चांगल्या ताटांचा ढीग मागे फळीवर होता. त्यांनी हसून विचारलं, "हे असं कसं?" मी सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच, काही न गाळता. त्यांचा घास हातात तसाच राहिला होता. गोष्ट संपल्यावर त्यांनी सगळं जेवण संपवलं, ताट उचललं, मोरीत नेलं आणि तुमच्या आईने हात पुढे केला तरी तिला न देता स्वतः घासलं, दबलेल्या काठाच्या आतपर्यंत.